मैदानातला परवाना आणि महामार्गावरची रात्र

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–कळंब या ब्रॉडगेज मार्गाचे उद्घाटन झाले, तेव्हाही यवतमाळ शहर त्या रुळांपासून दूरच होते. मूर्तिजापूरहून येणारी नॅरोगेजची शकुंतला त्याआधी काही वर्षे बंद पडलेली. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणीवरून माजरी–आदिलाबाद मार्ग जातो खरा, पण पुसद, उमरखेड, दिग्रस, आर्णी, घाटंजीच्या माणसाला त्याचा काय उपयोग? सोळा तालुके, १३,५८२ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार माणसे. यांचा दवाखाना, बाजार, कॉलेज, पुण्या-मुंबईची नोकरी, सगळे रबरी चाकांवर अवलंबून आहे.

ही चाके धावतात ते रस्तेही साधे नाहीत. राष्ट्रीय महामार्ग ४४, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘सात नंबर’, वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत पिंपळखुटीजवळून तेलंगणात जातो. तुळजापूर–नागपूर हा ३६१ क्रमांकाचा महामार्ग नांदेडकडून येऊन उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब अशी गावे जोडत वर्ध्याकडे निघतो. वणी भागातल्या कोळसा खाणींचे ट्रक घुग्गुस-चंद्रपूरच्या वाटेवर रात्रंदिवस चालू असतात. दिवाळीच्या सुमारास कापूस निघाला की जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मेटॅडोर आणि बैलबंड्या याच रस्त्यांवर येतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो चिखलाने माखलेला. परराज्यातून भरधाव येणारा कंटेनर आणि पांदणीतून वर चढणारी बंडी एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात.

अशा रस्त्यावर गाडी चालवायला नेमके काय यावे लागते, ते कोण शिकवते, आणि यवतमाळच्या परिवहन कार्यालयातून (एमएच २९) हाती पडणारा परवाना त्यातल्या कशाची खात्री देतो, हे तिन्ही प्रश्न जिल्ह्यात फारसे एकत्र विचारले जात नाहीत. अपघात झाला की चर्चा खड्ड्यांची होते, वेगाची होते, दारूची होते. चालकाच्या शिक्षणाची होत नाही.

कागदावरचा कायदा ढिसाळ नाही, हे आधी सांगायला हवे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याखाली झालेल्या १९८९च्या केंद्रीय नियमांतला नियम १५ वाचला तर मन प्रसन्न होते. उमेदवाराने आरसा जुळवून घ्यावा, उतारावर वेळीच खालचा गिअर टाकावा, चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुन्हा सुरू करावी, ओव्हरटेक करताना आणि दुसऱ्याला करू देताना योग्य जागा राखावी, वळण्याआधी आरसा पाहून मगच इशारा द्यावा, असे सगळे त्यात आहे. हे नीट तपासले तर प्रत्येक उमेदवाराला वाहतुकीच्या रस्त्यावर बराच वेळ न्यावे लागेल.

घडते ते वेगळेच. शिकाऊ परवाना आता घरबसल्या मिळतो. जून २०२१पासून महाराष्ट्रात आधारच्या साहाय्याने ही सोय झाली. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की ‘लर्निंग’ हाती. यवतमाळला येण्यासाठी उमरखेडच्या तरुणाचा पूर्ण दिवस आणि मजुरी जायची, ती वाचली. ही सोय चांगलीच आहे. पण संगणकासमोर उमेदवाराऐवजी दुसराच कोणी बसतो, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. मग किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी. ती कार्यालयाच्या आवारात किंवा तालुक्याच्या शिबिरात, मोकळ्या मैदानावर होते. दुचाकीवाल्याने पाय न टेकवता ‘आठ’ काढायचा, चारचाकीवाल्याने गाडी पुढे नेऊन मागे आणायची. निरीक्षकासमोर रांग लांब असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. उमेदवाराला क्लच आणि ब्रेक कळतो, एवढे त्यातून दिसते. समोरून येणाऱ्याचे प्रखर दिवे डोळ्यांवर पडले तर तो काय करील, हे त्या मैदानात दिसण्याचा संभवच नाही.

शिकवण्याची व्यवस्था याहून पातळ आहे. नियम ३१ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हलक्या वाहनाचे शिक्षण किमान २१ दिवसांचे हवे, त्यात प्रत्यक्ष हातात स्टिअरिंग किमान दहा तास. जड वाहनासाठी ३० दिवस आणि पंधरा तास. पण मोटारसायकल किंवा कारचा परवाना घेणाऱ्यावर शाळेत जाण्याची सक्ती नाही. व्यावसायिक परवान्यासाठी शाळेचा दाखला, म्हणजे नमुना ५, लागतो. तो दाखला आणि ते पंधरा तास यांची सांगड कोण तपासतो?

खेड्यातला मुलगा शिकतो तो काकाच्या ट्रॅक्टरवर. बारा-तेराव्या वर्षी बांधावर, पंधराव्या वर्षी गावच्या रस्त्यावर. पुढे ट्रकवर किन्नर (क्लीनर) म्हणून चढतो, उस्ताद झोपला की पहाटे दोन तास गाडी हाकतो, आणि वीस वर्षे पुरी झाली की ‘हेव्ही’ काढतो. या शिक्षणात हाताला सफाई येते, त्यात शंका नाही. भूमिहीन घरातल्या मुलासाठी हेव्ही लायसन म्हणजे रोजगाराचा सर्वात जवळचा दरवाजा, त्यामुळे या वाटेला नाके मुरडणे अन्यायाचे होईल. दोष एवढाच, की उस्तादाच्या चुका शागिर्दाकडे जशाच्या तशा जातात आणि त्या दुरुस्त करणारा माणूस कुठेच भेटत नाही. डाव्या बाजूने ओव्हरटेक, चौपदरी रस्त्यावर उलट दिशेने ढाब्यापर्यंत जाणे, बंद पडलेला ट्रक अंधारात तसाच उभा ठेवणे, हे सगळे याच शाळेतले धडे.

हा सगळा हिशेब जपानशेजारी ठेवून पाहिला की चित्र स्वच्छ होते.

१९७० साली जपानमध्ये रस्त्यांवर १६,७६५ माणसे मेली. तिथले लोक त्या काळाला ‘वाहतूक युद्ध’ म्हणत. तेव्हा देशाची लोकसंख्या दहा कोटींच्या थोडी वर होती. २०२२ साली महाराष्ट्रात, म्हणजे जवळपास तेवढ्याच माणसांच्या राज्यात, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार ३३,३८३ अपघात झाले आणि १५,२२४ जण दगावले. जपानचा १९७०चा आकडा आणि महाराष्ट्राचा २०२२चा आकडा असे शेजारी येऊन बसतात. त्याच २०२२ साली जपानमधले मृत्यू २,६१० पर्यंत उतरले होते. अपघातानंतर चोवीस तासांत गेलेल्यांचीच ही मोजणी आहे आणि आपल्याकडे तीस दिवसांपर्यंतचे मृत्यू धरतात. तरी तीस दिवसांच्या हिशेबानेही जपान साडेतीन हजारांच्या आतच राहतो. मधल्या काळात तिथली वाहने कित्येक पटींनी वाढली, हे लक्षात घेतले की या उताराचे मोल कळते.

हे केवळ परवान्याच्या कडकपणाने झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. १९७० मध्येच जपानने वाहतूक सुरक्षेचा मूलभूत कायदा केला. पदपथ, कठडे, सिग्नल, शाळकरी मुलांच्या वाटा, दवाखाने यांवर पैसा ओतला. पण चालक घडवण्याची साखळी त्यात ठामपणे उभी होती. मान्यताप्राप्त शाळेत साध्या कारसाठी वर्गातले २६ तास आणि प्रत्यक्ष चालवण्याचे तीसहून अधिक तास असतात, प्रत्येक तास पन्नास मिनिटांचा. आधी शाळेच्या बंदिस्त आवारात शिकायचे, तिथली परीक्षा झाली की तात्पुरता परवाना घ्यायचा, मग प्रशिक्षकासोबत खऱ्या रस्त्यावर जायचे. त्यानंतरही पहिले वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानाचे चिन्ह लावावे लागते, म्हणजे मागच्याला कळते की पुढे नवखा आहे. आपली चाचणी जिथे संपते, तिथे जपानचे निम्मे शिक्षण सुरू होते.

जर्मनीने आणखी एक गोष्ट ओळखली. शहरात गाडी येणे वेगळे आणि महामार्गावर, अंधारात येणे वेगळे. म्हणून तिथे नेहमीच्या सरावाखेरीज बारा विशेष फेऱ्या सक्तीच्या आहेत: पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार ऑटोबानवर आणि तीन रात्रीच्या. विदर्भातून जर्मनीत नोकरीला गेलेल्या तरुणाला भारतीय परवाना सहा महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ब्रिटनमध्ये ही मुदत बारा महिन्यांची. गावाकडे दहा वर्षे गाडी चालवलेली माणसे तिथे पुन्हा शाळेत जातात, खिशाला चटका बसतो म्हणून कुरकुरतात. पण त्या देशांना आपल्या परवान्यावर मुदतीपलीकडे भरवसा का वाटत नाही, याचे उत्तर यवतमाळच्या चाचणीच्या मैदानात सापडते.

रात्रीच्या त्या तीन फेऱ्यांचे महत्त्व यवतमाळकरांना वेगळे सांगायला नको. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी ट्रॅव्हल्सची बस नाशिकच्या नांदूर नाक्याजवळ ट्रेलरवर आदळली, पेटली आणि बारा प्रवासी गेले. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्याला जाणारी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ जण त्यात दगावले. दोन्ही अपघातांची तांत्रिक कारणे वेगवेगळी असतील, त्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण दोन्ही गाड्या रात्रीच्या होत्या, लांब पल्ल्याच्या होत्या, आणि विदर्भातून पश्चिमेकडे पोटासाठी किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी भरलेल्या होत्या. संध्याकाळी यवतमाळच्या थांब्यांवर रोज अशाच स्लीपर गाड्या भरतात.

चालकाने किती तास गाडी चालवावी, याचा कायदा आपल्याकडे १९६१पासून आहे. त्या वर्षीच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटे थांबावेच लागते, आणि थांबला की नाही हे गाडीतले टॅकोग्राफ यंत्र नोंदवून ठेवते. शिवाय तिथल्या ट्रक-बसचालकाला दर पाच वर्षांनी ३५ तासांचे शिक्षण पुन्हा घ्यावे लागते. आपल्या चालकाचा व्यावसायिक परवानाही पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. त्या वेळी वैद्यकीय दाखला जोडावा लागतो, तो किती गंभीरपणे दिला-घेतला जातो हे ज्याचे त्याला ठाऊक. चष्म्याचा नंबर वाढलेला, मोतीबिंदू उतरलेला पन्नाशीचा चालक रात्रीचा ट्रक घेऊन करंजी फाट्यावरून जात असेल, तर त्याला थांबवणारा तो दाखला हा एकमेव अडसर आहे.

गेल्या काही वर्षांत अटी सैलही झाल्या. व्यावसायिक चालकासाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. निर्णय योग्य होता. कोलाम किंवा गोंड पाड्यावरचा तरुण शाळेतून लवकर गळाला, म्हणून त्याला गाडी चालवता येत नाही असे थोडेच आहे? मात्र तेव्हा असे ठरले होते की शालेय शिक्षणाची उणीव कसून दिलेल्या प्रशिक्षणाने भरून काढायची. अट गेली, ते प्रशिक्षण गावापर्यंत आलेच नाही. मग ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७चा मुकुंद देवांगन निकाल कायम केला: हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. काळी-पिवळी, छोटा हत्ती, पिकअप चालवणाऱ्या हजारो घरांना त्याने दिलासा मिळाला, विमा कंपन्यांनी नुकसानभरपाई नाकारण्याची एक वाट बंद झाली. मात्र या निकालामुळे हलक्या वाहनाच्या चाचणीवरचा भार वाढला आहे. आठवडी बाजारातून पंधरा माणसे कोंबून निघालेल्या गाडीच्या चालकाची परीक्षा आता तीच, जी घरच्या कारपुरती घेतली जाते.

याउलट शिक्षेची चर्चा मात्र जोरात झाली. जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालक संपावर गेले. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती, म्हणून. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, सरकारने ते कलम तूर्त थांबवले. त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी शिक्षेवर वाद घातला. शिक्षणाची मागणी चालकांनी केली नाही, सरकारने देऊ केली नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी २०१९ मध्ये लोकसभेत सांगितले होते की देशातले तीस टक्के परवाने बोगस आहेत. मंत्रीच असे म्हणत असेल, तर शिक्षेआधी त्या परवान्यांकडे पाहायला हवे होते.

दुचाकीचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट नसल्याने गेलेले ५०,०२९. कायद्यात सोळा ते अठरा वयासाठी ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना आहे. तशी पेट्रोलवरची गाडी बाजारात आता जवळपास मिळतच नाही. म्हणजे अकरावीतला मुलगा स्कूटरवर कॉलेजला गेला की बहुधा बेकायदाच. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, असे २०१९ची दुरुस्ती सांगते. पुण्यात मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा राज्याला हे कलम आठवले. झरी-जामणी किंवा मारेगावच्या शेतकऱ्याची अडचण निराळी आहे. मुलींना शाळेत नेण्यासाठी मानव विकास मिशनच्या निळ्या बस आहेत आणि त्यांनी मुलींची शाळा खरोखर वाचवली. त्याच गावच्या मुलाला वेळेवर एसटी नसेल तर बापाची मोटारसायकल निघते, एकीवर तिघे बसतात. दंडाच्या पावतीने हा प्रश्न सुटायचा नाही; वेळेवर येणारी बस हीसुद्धा रस्ता सुरक्षाच आहे.

मग करता येण्यासारखे काय आहे? एक चौकट तयार आहे. केंद्राने जून २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले, ते १ जुलैपासून लागू झाले. हलक्या वाहनासाठी २९ तास, चार आठवड्यांत. मध्यम आणि जड वाहनासाठी ३८ तास, सहा आठवड्यांत. सिम्युलेटर हवा, आखलेला चाचणी पथ हवा. हलक्या वाहनांसाठी एक एकर, जड वाहनांसाठी दोन एकर जागा लागते. इथून उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयात पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. जपानच्या मान्यताप्राप्त शाळेची वाट बरीचशी अशीच आहे. धोका एकच: शिकवणारा आणि पास करणारा एकच असेल तर दाखलाविक्री सुरू होऊ शकते, म्हणून प्रत्येक केंद्रातून बाहेर पडलेल्या चालकांच्या अपघातांची नोंद त्या केंद्राच्या नावावर लागली पाहिजे. पण जड वाहनांचे सुसज्ज शिक्षण म्हटले की अजूनही पुण्याच्या भोसरीतल्या संस्थेचे नाव पुढे येते. उमरखेडच्या मजुराच्या मुलाने सहा आठवडे पुण्यात राहायचे, जेवायचे आणि वर शुल्क भरायचे, हे होणारे नाही.

चांगला चालक घडवण्याचा अनुभव जिल्ह्यात मुळीच नाही, असेही नाही. एसटीच्या यवतमाळ विभागात यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, दिग्रस, नेर, पांढरकवडा, राळेगाव अशी आगारे आहेत. महामंडळ उमेदवाराचा आधीचा परवाना पाहून थांबत नाही. स्वतःची चाचणी घेते, स्वतःचे प्रशिक्षण देते, मगच गाडी हातात सोपवते. २०१९ मध्ये महामंडळाने यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणींना चालक म्हणून निवडून प्रशिक्षण देण्याचे पाऊल उचलले. महिलांच्या या भरतीला मध्ये कोरोनाने खीळ बसली, पण जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड–नीरा मार्गावर एसटी चालवली आणि राज्याने कौतुक केले. कौतुक नवलाईचे होते. खरे नोंदण्यासारखे होते ते हे, की ज्यांच्या घरात गाडी नव्हती, त्यांना पहिल्या धड्यापासून रीतसर शिकवले तर त्या बस चालवतात. कुणा काकाच्या ट्रॅक्टरची, कुणा उस्तादाची गरज पडली नाही.

जागेचा आणि पैशाचा प्रश्न उरतो. वणीच्या कोळशातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला निधी मिळतो, आणि खाणबाधित भागात कौशल्य विकासावर तो खर्च करण्याची तरतूद प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत २०१५पासून आहे. खाणींच्या ट्रकांची सर्वात जास्त झळ वणी-मारेगावच्या रस्त्यांना बसते, त्यामुळे तो पैसा चालकांच्या शिक्षणावर लावणे सर्वार्थाने रास्त ठरेल. वणी आणि पुसद येथे दोन-दोन एकरांची दोन केंद्रे, शिकवायला एसटीतून निवृत्त झालेले बिनअपघात सेवेचे चालक, राहण्या-जेवणाची सोय, आदिवासी आणि भूमिहीन उमेदवारांचे शुल्क निधीतून. अभ्यासक्रमाच्या ३८ तासांत किमान काही तास सूर्य मावळल्यावरचे ठेवावेत, करंजी ते पाटणबोरी हा महामार्ग ४४चा टप्पा आणि महागाव ते आर्णी हा ३६१चा. कापसाच्या हंगामात, ट्रॉल्या रस्त्यावर असताना.